उलट्या मोजू नकोस, लघवी मोज

पत्र :

मावशी, नमस्कार. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. घरात सासूबाई (वय ७०, बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू), हे, मी आणि आमचा चार वर्षांचा मुलगा. आषाढातल्या मंगळवारी आमच्या गल्लीची त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईदेवीची, जत्रा झाली. पी-ढबाक वाद्यं लावून नदीचं नवं पाणी टेंबलाईला घालून आलो, रात्री गल्लीत मटणाचं जेवण झालं. गुरुवारी पहाटे मुलाला उलट्या सुरू झाल्या, दुपारपर्यंत आठ झाल्या. संध्याकाळपासून पाण्यासारखे जुलाब. शुक्रवारी रात्री मला, शनिवारी ह्यांना आणि रविवारी सासूबाईंना तेच. सासूबाई म्हणाल्या, मोडशी झालीय, पोटाला आराम द्या, पाणीसुद्धा देऊ नका. पहिला अर्धा दिवस मी मुलाला पाणी दिलं नाही. मग घाबरून मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणली आणि अर्धी दिली. हे म्हणत होते, सरळ सलाईन लावू. शुक्रवारी सकाळी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ती गोळी बंद करून ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या दिल्या. आता आठ दिवस झाले, सगळे बरे आहोत, फक्त मुलाला अजून दिवसातून दोन-तीनदा पातळ होतं. झिंक मी पाच दिवसांनी बंद केलं. गल्लीत सगळे म्हणतात मटण बाधलं, आणि ज्यांच्या दारात स्वयंपाक झाला त्यांच्याशी लोक नीट बोलत नाहीत. हे नक्की काय होतं? परत झालं तर कसं ओळखायचं, घरी काय करायचं, दवाखाना कधी गाठायचा? आणि माझी किती चूक झाली?
— एक आई, मंगळवार पेठ

उत्तर :

बाळ, तुझा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीचं सगळं विचारताना तोच तुझ्या मनात टोचत असणार. चुका दोन झाल्या. मुलाला अर्धा दिवस पाणी दिलं नाहीस ही एक, आणि मेडिकलमधली गोळी दिलीस ही दुसरी. दोन्ही वेळेवर सुधारल्या, कारण तू शुक्रवारी सकाळी त्याला डॉक्टरांकडे नेलंस. आता ते मनातून काढून टाक. पण दोन्ही गोष्टी चुकीच्या का, हे मात्र नीट समजून घे, म्हणजे पुढच्या वेळी कुणी काही म्हटलं तरी तुझा हात थांबणार नाही.

माझी तीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून गेली. पावसाळ्यात आमचा अर्धा वॉर्ड जुलाब-उलट्यांच्या लेकरांनी भरलेला असायचा. त्यातलं एक लेकरू मला अजून आठवतं. अकरा महिन्यांचं, आठ किलो वजनाचं. डोळे आत गेलेले, रडत होतं पण डोळ्यांत पाणी नाही, जीभ कोरडी ठक्क. घरच्यांनी आदल्या दुपारपासून पाणी तोडलं होतं, जुलाब वाढतील म्हणून. पण पोर शुद्धीवर होतं, चमचा ओठाला लागला की अधाशासारखं चोखत होतं. डॉक्टर म्हणाले, सुई नको, तोंडानेच भरू. असं सुकलेलं बाळ पीत असेल तर किलोमागे ७५ मिलि ओआरएस चार तासांत द्यायचं असतं. म्हणजे त्याला ६०० मिलि. मी त्याच्या आईपुढे स्टीलची वाटी आणि पाच मिलिचा चहाचा चमचा ठेवला. एकशे वीस चमचे, दर दोन मिनिटांनी एक. तिला घड्याळ बघता येत नव्हतं. तिने डाव्या हाताच्या चार बोटांची पेरं धरली. एका बोटाला तीन, चार बोटांना बारा, आणि अशा दहा फेऱ्या. मध्ये दोनदा त्याने उलटी केली. दोन्ही वेळा आम्ही दहा मिनिटं थांबलो आणि पुन्हा त्याच पेरावरून सुरू केलं. आठवी फेरी चालू असताना ती एकदम म्हणाली, "सिस्टर, माझं लुगडं भिजलं." पोराने तिच्या मांडीवर लघवी केली होती. बोलता बोलता ती रडायलाच लागली. मीही तिच्या शेजारी बसले.

म्हणून सांगते, घरात कुणाला जुलाब-उलट्या लागल्या की उलट्या मोजत बसू नकोस. लघवी मोज. किती बाहेर गेलं याचा हिशेब कुणालाच नीट लागत नाही. आपण आत घातलेलं पुरतंय की नाही, हे शरीर लघवीतून सांगतं. मूल सहा तासांत एकदाही लघवीला गेलं नाही, किंवा अगदी थोडी आणि गडद पिवळी झाली, तर पाणी कमी पडतंय. दर तीन-चार तासांनी फिकट लघवी होत असेल, तर दहा जुलाब झाले तरी तू बाजी मारते आहेस.

आता हे काय होतं ते. तू दिलेल्या वारांवरून मला तरी हा पोटाचा व्हायरस वाटतो, अन्नाची विषबाधा नव्हे. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कुणी शपथेवर सांगू शकणार नाही, आणि घरच्या उपचाराला त्या तपासणीची गरजही नसते. पण वार बघ. शिळ्या किंवा उघड्या अन्नात जंतूंनी आधीच विष करून ठेवलं असेल, तर खाल्ल्यावर एक ते सहा-आठ तासांत उलट्या सुरू होतात, आणि ज्यांनी ज्यांनी खाल्लं ते सगळे त्याच रात्री लोळतात. तुमच्याकडे मंगळवारच्या जेवणानंतर गुरुवारी पहाटे एकटं मूल आजारी पडलं. मग शुक्रवारी तू, शनिवारी हे, रविवारी सासूबाई. त्याची ओकारी पुसणारी तू दुसरी, आणि तुमच्यानंतर बाकीचे. ही माणसामाणसांतून चालत गेलेली साखळी आहे. नोरोव्हायरस नावाचा जो सगळ्यांत पसरणारा पोटाचा व्हायरस आहे, तो शरीरात शिरल्यापासून १२ ते ४८ तासांत लक्षणं दाखवतो. तुमच्या वारांत हे अंतर बरोबर बसतं.

आणि त्या शेजाऱ्यांविषयी. गल्लीत माझा शब्द पोचत असेल तर हे जरूर सांग. रटरटा उकळलेल्या रश्श्यात असा व्हायरस टिकत नाही. जेवणातून आला असेलच, तर कापून ठेवलेला कांदा, कोशिंबीर, पिण्याचं पाणी किंवा वाढणाऱ्याचे हात यांच्यावर संशय घ्यावा लागेल. तुझा मुलगा बालवाडीतूनही घेऊन आला असेल, मिरवणुकीच्या गर्दीतूनही. एकाच रात्री वीस-पंचवीस माणसं आजारी पडली असती, तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा महापालिकेच्या आरोग्य विभागाला लगेच कळवायला हवं होतं, म्हणजे ते पाण्याचे नमुने घेतात. तसं झालेलं नाही. वर्गणी काढून, दिवसभर चुलीपुढे उभं राहून ज्यांनी गल्लीला जेवू घातलं, त्यांच्याशी अबोला धरू नका.

नदीच्या नव्या पाण्याबद्दल मात्र हात जोडून सांगते. देवीच्या पायरीवर ते घालायचं, ती आपली रीत आहे, मीही लहानपणी डोक्यावर कळशी घेऊन गेले आहे. पण ते तीर्थ म्हणून लेकरांच्या तोंडात घालू नका. आषाढात पंचगंगेला वरचा सगळा गाळ आणि घाण धुऊन आलेली असते.

ओळखायचं कसं? व्हायरस बहुधा अचानक येतो. माणूस रात्री धड जेवून झोपतो आणि पहाटे मळमळून उठतो. आधी उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब, पोटात कळा, अंगदुखी, डोकं जड, ताप असला तर बारीक. जुलाबात रक्त नसतं. मोठ्यांचं हे एक ते तीन दिवसांत आटोपतं. लहान मुलांत रोटाव्हायरस असेल तर ताप जास्त असू शकतो आणि जुलाब तीन ते आठ दिवस चालतात. जुलाबात रक्त किंवा शेंबडासारखी आव पडायला लागली, मुरडा येऊन थोडं थोडं होत राहिलं, तर तो आमांश. त्याला डॉक्टर आणि कदाचित वेगळं औषध लागतं. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके जुलाब तांब्या-तांब्याने होत असतील, तर पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, शंका घ्यायची आणि एक मिनिट न दवडता दवाखाना गाठायचा. पोटात उजवीकडे खाली दुखणं घट्ट धरून राहिलं आणि वाढत गेलं, तर ते अपेंडिक्स असू शकतं, त्याला पोट बिघडलं म्हणू नये. पन्नाशीच्या पुढच्या, त्यातही शुगर असलेल्या माणसाला जुलाब नाहीत, नुसती मळमळ-उलटी आहे, दरदरून घाम आहे, छातीत किंवा पोटाच्या वर दडपल्यासारखं वाटतंय, तर पित्त-ॲसिडिटी म्हणत बसू नका. ताबडतोब ईसीजी काढा.

आता पाण्याकडे येते, कारण सगळा खेळ तिथेच आहे.

सासूबाईंना तू वाईट म्हणू नकोस. त्यांनी लहानपणापासून हेच ऐकलं असेल की वरून पाणी घातलं की खालून जातं. दिसतंही तसंच. पण आतडं व्हायरसने आजारी असलं तरी त्याच्या भिंतीत एक वाट उघडी राहते. साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र आले की ते जोडीने त्या वाटेने आत शिरतात आणि पाठोपाठ पाण्याला ओढून नेतात. नुसतं पाणी तितकं शोषलं जात नाही, नुसत्या साखरेच्या पाण्याने तर जुलाब वाढतात. दोन्ही प्रमाणात हवेत. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचं मिश्रण पिंपात कालवून लोकांना तोंडाने पाजलं. त्यांच्या छावणीत सुमारे ३० टक्क्यांवर गेलेला मृत्यूचा आकडा चार टक्क्यांच्या खाली आला. पाजणारे बहुतेक रुग्णांचे घरचेच लोक होते. तुझ्या नवऱ्याला हे सांग. सलाईन लागते ती जो पिऊच शकत नाही, ज्याची शुद्ध हरपते आहे, त्याला. जो पितो त्याला चमचा पुरतो.

ओआरएसचं पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं असं लिहिलंय ना, ते बघ. तयार गोड पेयांच्या खोक्यांना वर्षानुवर्षं लोक ओआरएस समजून आजारी मुलांना पाजत होते. त्यात साखर फार आणि मीठ अगदी कमी असायचं. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर 'ओआरएस' हा शब्द छापायला मनाई केली. तरी मेडिकलमध्ये मागताना 'पावडरचं पाकीट' असं स्पष्ट माग. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात संपूर्ण घालायचं. अर्धं पाकीट अर्ध्या तांब्यात, चिमूट पेल्यात, असं करायचं नाही. लहान पाकीट २०० मिलिचं असतं, तेही वाचून घे. पाणी आधी उकळून गार कर, मग पावडर मिसळ. मिसळल्यावर उकळायचं नाही. वरून साखर, सरबत, दूध घालायचं नाही. झाकून ठेव आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून दे.

रात्री अडीचला पाकीट नसेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने वरचा ढीग उतरवलेला. आधी स्वतः चाखून बघ, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून दे आणि नव्याने कर. मीठ जास्त झालेलं मुलाला बाधतं. हे रात्र निभावण्यापुरतं, सकाळी पाकीट आणायचं, कारण पाकिटात पोटॅशियमही असतं.

द्यायचं किती? दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलि, दोनच्या पुढच्याला १०० ते २०० मिलि, मोठ्यांनी तहान भागेल तेवढं आणि वर थोडं. पण उलट्या चालू असताना पेला तोंडाला लावू नकोस. मूल तहानेने घटाघटा पितं आणि सगळं बाहेर येतं, मग घरचे म्हणतात, "बघ, पाणीबी ठरंना." उलटी झाली की दहा मिनिटं थांब, मग त्या आईसारखं दर दोन मिनिटांनी एक चमचा. अर्ध्या तासाने उलटी झाली तरी मधल्या वेळात बरंचसं आत मुरलेलं असतं.

चव आवडत नाही म्हणून मूल तोंड फिरवेल. थोडं गार करून दे. ज्या मुलाचं शरीर खरंच सुकलंय ते सहसा नको म्हणत नाही, हे मी वॉर्डात पुन्हा पुन्हा पाहिलं.

सासूबाईंना एक काम दे. त्यांना पेज करता येत असेल, तुझ्यापेक्षा चांगली येत असेल. तांदूळ मऊ शिजवून, भरपूर पाणी ठेवून, वर किंचित मीठ. ती पेज, पातळ ताक, मूगडाळीची गुरगुट खिचडी, दहीभात, पिकलेलं केळं. उपाशी ठेवल्याने आतडं लवकर बरं होत नाही, उलट त्याची झीज भरून यायला अन्नच लागतं. उलट्या थांबून तीन-चार तास झाले की दोन घास सुरू करायचे, भूक असेल तेवढेच. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध एक वेळही तोडायचं नाही. मिसळ, कटवडा आणि रस्सा आठवडाभर लांब. उसाचा रस, कोल्ड्रिंक आणि डब्यातले ज्यूस तर नकोतच, त्यांतली साखर पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढवते. अशक्तपणा भरून यावा म्हणून तुझे हे मुलाला दूध कट्ट्यावर नेऊन धारोष्ण दूध पाजतील, आपल्याकडे ती हौस असतेच. सध्या अजिबात नको. कच्च्या दुधात जंतू असू शकतात, आणि व्हायरसने खरवडलेल्या आतड्याला काही दिवस दूध पचायला जड जातं.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. जुलाब थांबवायची गोळी आतड्याची हालचाल मंद करते. लहान मुलांत त्याने पोट फुगतं, गुंगी येते, कधी जिवावरही बेततं, म्हणून ती लहान मुलाला घरच्या घरी कधीही द्यायची नाही. मोठ्यांनीही ताप किंवा रक्त असताना घेऊ नये. अँटिबायोटिकचा व्हायरसवर काडीचाही परिणाम होत नाही. मेडिकलवाला दोन-तीन रंगांच्या गोळ्या कागदात बांधून देतो, त्या परत कर. उलटी अजिबात थांबत नसेल तर तिचं औषध डॉक्टर वजन बघून देतील.

घरात या आजाराने मला सगळ्यांत जास्त काळजी वाटली ती सासूबाईंची. सत्तरीच्या माणसाला तहान कमी लागते, त्यामुळे तोंड सुकलं तरी त्या पाणी मागत नाहीत. रात्री बाथरूमला उठताना चक्कर येऊन पडतात आणि जुलाबांपेक्षा मोडलेला खुबा महागात पडतो. त्यांच्या उशाशी पाणी आणि भांडं ठेव, उठताना आधी काठावर बसायला सांग. दुसरी गोष्ट, गोळ्या. खाणं बंद आणि शुगरची गोळी चालू असं झालं की साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, बरळणं सुरू होतं. बीपीच्या काही गोळ्यांनी, विशेषतः लघवीच्या, सुकलेल्या शरीराची किडनी अडचणीत येते. म्हणून त्यांना जुलाब सुरू झाले की त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून कुठली गोळी द्यायची, कुठली थांबवायची ते विचार. इन्सुलिन असेल तर मनाने बंद करू नये. घरात ग्लुकोमीटर असेल तर साखर बघत राहा. आणि शुगर आहे म्हणून ओआरएस नाकारू नका. लिटरमागे त्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, तेवढ्याशिवाय मीठ-पाणी आत जाणारच नाही.

दवाखान्यात कधी? सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याच दिवशी, वाट न बघता. मूल मलूल पडलं, हाक मारल्यावर डोळे उघडेना, चमचाही गिळेना, डोळे आत गेले, रडताना अश्रू येईनात, तान्ह्याची टाळू खोल गेली, तर लगेच. पोटाची कातडी चिमटीत धरून सोड, ती सुरकुती हळूहळू, दोन सेकंदांहून जास्त वेळ घेऊन बसली, तर ते गंभीर. पाजलेलं सगळं दोन-तीन तास बाहेरच पडत असेल, हिरवी उलटी झाली, ताप १०२ च्या वर टिकून राहिला, रक्त दिसलं, मोठ्या माणसाला उभं राहिल्यावर अंधारी आली, तरी थांबायचं नाही. आपल्याकडे सीपीआर हे सरकारी रुग्णालय रात्रंदिवस उघडं असतं आणि १०८ ला फोन केला की गाडी येते. जाताना वाटेतही चमचा चालू ठेव. वॉर्डात आलेल्या किती आया ओआरएस घरी ठेवून, मूल तसंच छातीशी धरून यायच्या, घाबरलेल्या असायच्या बिचाऱ्या.

आणि अजून दीड-दोन महिने घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांकडे, लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवा. घाण पाण्यातून काविळीचे व्हायरसही येतात आणि ते उशिरा उगवतात. इचलकरंजीत २०१२ साली पाण्यातून काविळीची केवढी साथ आली होती, ती आपल्या जिल्ह्याने पाहिली आहे. डोळे पिवळे दिसले तर रक्त तपासा. पावसाळाभर पिण्याचं पाणी खळखळा उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळू दे, झाकून गार कर, आणि माठात हात-तांब्या न बुडवता ओगराळ्याने किंवा तोटीने काढ.

साखळी तोडायची तर पहिली उलटी पडते तिथेच तोडावी लागते. तुमच्या घरात ती तिथूनच पुढे गेली असणार. ओकारीचे बारीक शिंतोडे दिसतात त्यापेक्षा लांब उडतात, आणि नोरोव्हायरसचे अगदी थोडे कणही दुसऱ्याला पुरतात. हातमोजे किंवा नाहीतर प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांध, ओकारीवर जुनी फडकी टाकून कडेकडून मध्ये गोळा कर आणि ती पिशवीत बांधून टाक. मग साबणाने पुसून घे आणि ब्लीच लाव. बाजारात पाच टक्क्यांचं मिळतं, ते लिटरभर पाण्यात चहाचे चार चमचे, जिथे प्रत्यक्ष उलटी पडली तिथे त्याहून घट्ट. पाच-दहा मिनिटं तसंच राहू दे, मग पूस. खिडकी उघडी ठेव आणि संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नकोस, त्यातून विषारी वायू निघतो. दाराच्या कड्या, नळ, मोबाईल, टीव्हीचा रिमोट विसरू नकोस. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा.

हात साबण-पाण्यानेच धुवा, वीस सेकंद, नखांपर्यंत. कोरोनापासून सगळ्यांना सॅनिटायझरची सवय लागली आहे, पण या व्हायरसवर अल्कोहोलचा फारसा जोर चालत नाही. आणि जो आजारी पडला त्याने जुलाब-उलट्या थांबल्यावरही दोन दिवस स्वयंपाकघरात शिरायचं नाही. हे वाचून तू म्हणशील, मावशी, मग करणार कोण? मला ठाऊक आहे, तापात उभी राहून तूच भाकऱ्या थापल्या असशील. पण ते दोन दिवस शेजारून डबा मागव, ह्यांना खिचडी लावायला शिकव. घराच्या भल्यासाठीच ते गरजेचं आहे. शौचातून हा व्हायरस पुढे दोन आठवडेही पडत राहू शकतो, म्हणून संडासनंतरचा साबण तोवर सक्तीचा. मुलालाही दोन पूर्ण दिवस बरं राहिल्यावरच शाळेत पाठव.

नोरोव्हायरसवर आपल्याकडे लस मिळत नाही. रोटाव्हायरसवर आहे. महाराष्ट्रात २०१९ पासून ती सरकारी लसीकरणात फुकट मिळते, तोंडाने, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. तुझ्या मुलाच्या कार्डावर नोंद असेल. नात्यात कुणाला तान्हं बाळ असेल तर तिला आठवण कर, कारण तो डोस मोठेपणी देता येत नाही.

राहता राहिलं तुझ्या मुलाचं दिवसातून दोन-तीनदा पातळ होणं. तो खेळतोय, जेवतोय, लघवी व्यवस्थित होतेय ना? मग घाबरू नकोस. आतड्याचं वरचं अस्तर नवं यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. दूध थोडं कमी, दही-ताक जास्त. पहिल्या दिवसापासून चौदा दिवस उलटले तरी थांबलं नाही किंवा वजन उतरायला लागलं, तर डॉक्टरांना परत दाखव. आणि झिंक पाच दिवसांनी बंद केलंस ते पुन्हा सुरू कर. जुलाब थांबले तरी ते चौदा दिवस पुरं द्यायचं असतं, त्याने आतडं भरून येतं आणि पुढचे दोन-तीन महिने परत जुलाब लागायची शक्यता कमी होते. तुझ्या मुलाच्या वयाला रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी. चमचाभर पाण्यात टाक, ती आपोआप विरघळते, जेवणानंतर दे म्हणजे मळमळत नाही. पाकिटात नऊ गोळ्या उरल्या असतील. नसतील तर तुमच्या भागातल्या आशाताईंकडे माग, त्या फुकट देतात, आणि सोबत ओआरएसची दोन पाकिटंही घेऊन ठेव.